हे ‘बरं’ म्हणाले

मंगळवार, ४ नोव्हेंबर

यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून वापीहून एक बोलणं शिकवणाऱ्या मॅडम येतात. सुषमा मॅडम. आज त्यांनी चित्रांचे पत्ते आणले होते. मासा, छत्री, चिकू, कपबशी. प्रत्येक चित्राला हे म्हणाले, "बरं." छत्रीला बरं, चिकूलाही बरं.

मॅडम म्हणाल्या, "जयश्रीबेन, घाबरायचं नाही. असं होतं कधीकधी, एकच शब्द राहतो. कोणाचं देवाचं नाव राहतं, कोणाची शिवी राहते. सरांचं ‘बरं’ राहिलं. समजतं सगळं, हां! फक्त तोंडातून तेवढंच निघतं. मान हलवतात त्याच्यावर पण जाऊ नका, हो म्हणायचं तर नाहीसारखी हलते." लिहायला पेन दिलं, तर डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या.

बाई गं! प्राध्यापक जीवन तामोरे, डहाणूच्या वाचक मंडळाचे संस्थापक अध्यक्ष, ज्यांच्या भाषणाला पालघरहून माणसं यायची, त्यांच्याकडे उरला तो एवढासा शब्द. आणि तोही असा, जो या माणसाने सबंध संसारात मला एकदाही म्हटला नाही.

"रोज मोठ्याने वाचून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या आवडीचं. आणि ‘बरं’ कसं म्हणतात तो सूर ऐका, सगळं त्या सुरात असतं. आवडता लेखक कोण सरांचा?"

मी सांगितलं, "कमलिनी विचारे."

हे केवढ्याने ओरडले, "बरं!"

"बघा," मॅडम खूश झाल्या, "नाव काढल्याबरोबर आवाज चढला."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मी खोटं बोलले तर बोलले. यांचं दैवत य. गो. हेरवाडे. त्यांची सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात, कुलूप लावून. "हेरवाडे वाचकाला फसवत नाही. माणूस एकटा आहे म्हणजे आहे, त्याच्यावर साखर पेरत नाही." हे वाक्य मी मंडळाला चहा देताना इतक्यांदा ऐकलंय की आता रिकाम्या कपबशा धुतानासुद्धा ऐकू येतं. एकदा मी ‘खाजणातले दिवस’ चोरून वाचायला घेतलं होतं. शंभर पानं उलटली तरी तो नायक खाजणाच्या, त्या खाऱ्या चिखलाच्या, कडेला बसलेलाच. मेला उठेचना.

आणि माझी कमलिनी विचारे! ‘दुसऱ्या खोलीतली शालन’मध्ये एका दुपारी शालन पापलेटाची मधली तुकडी स्वतःच्या ताटात घेते आणि शेपटी नवऱ्याला वाढते. दोन ओळी आहेत फक्त. मी चिंचणीची, बापाची बोट होती, घरात मासळीला तोटा नाही. पण मधली तुकडी खाणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. ते वाचून मी ओट्यापाशी उभी राहून ढसाढसा रडले होते. पोस्टातली बायजी आणि दवाखान्यातली बुधी सिस्टर, आम्ही तिघी मिळून एक प्रत डब्याच्या पिशवीतून फिरवायचो. बायजी म्हणायची, "ही बाई माझ्या घरात येऊन बघून गेलीय गं." बुधीला ती आवडायची, कारण तिच्या पुस्तकात आजारी माणसं कटकट करतात आणि नर्सला ते आवडत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. मला का आवडते? ती मला बावळट समजत नाही म्हणून.

मंडळात एका वर्षी ‘माझा आवडता लेखक’ असा कार्यक्रम झाला. मी धीर करून उठले आणि त्या तुकडीचं सांगितलं. अध्यक्ष हसले. म्हणाले, "बाईंना साहित्यातही मासळीबाजार सापडला." सगळा हॉल खो-खो हसला. घरी येताना रिक्षात मलाच ऐकवलं, "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." त्यानंतर मी मंडळात फक्त चहा नेला. दीपेश तेव्हा पाळण्यात होता, आता सुरतेला इंजिनियर आहे. इतकी वर्षं झाली.

यांनी आयुष्यात एकच गोष्ट कमावली. वाचक म्हणून नाव. ना जमीन, ना बोट. मला ते नाव हवंय, माझ्या हाताने मोडायला. लिहिलं एकदाचं.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी तीन ते पाच वाचन चालू आहे. सायवनची धाकली म्हणून एक मुलगी यांना आंघोळ घालायला, उठवायला-बसवायला येते, ती तांदूळ निवडत दाराशी बसते. तिला शाळा नाही, पण गोष्टीची भूक केवढी! "बाय, मंग ती शालन दुसऱ्या खोलीत दार लावून घेते? आन् नवरा?"

"नवरा बाहेर."

"बरा हाय तिकडंच," धाकली म्हणाली. मी इतकी हसले की पुस्तक हातातून पडलं.

हे डोळे मिटून होते. धाकलीला वाटलं झोपले. झोपलेल्या माणसाचा जबडा असा आवळलेला नसतो. मी आवाज चढवला.

संध्याकाळी दीपेशचा फोन. "पप्पा, कसं वाटतंय?" "बरं." "मम्मी नीट बघते ना?" "बरं." "मग झालं तर." त्याला तेवढं पुरतं.

एक सांगू? या माणसाने माझं एक वाक्य कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही. मधेच पेपर उघडायचा, मधेच चपला घालायच्या. आता दोन-दोन तास ऐकतात. उठून जात नाहीत. मला वाचताना फार छान वाटतं.

मंगळवार, २ डिसेंबर

नितीन आला. यांचा पट्टशिष्य, बँकेत आहे, मंडळाचा सचिव. येताना हेरवाड्यांचा कथासंग्रह घेऊन आलेला. उशीवर ‘शालन’ पाहून त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"मॅडम, हे... सरांना?"

"तेच मागतात रे."

"शक्यच नाही! सर, मी येत जाऊ का रविवारी? हेरवाडे वाचू?"

"बरं," हे म्हणाले. डोळ्यांत पाणी. "बरं, बरं!"

आता हा दर रविवारी येणार! मग सुचलं. मी पदराने यांचं तोंड पुसलं आणि मायेने विचारलं, "अहो, आता हेरवाडे नको ना? थकवा येतो ना त्याने? विचारेबाईच ठेवू ना?"

"बरं! बरं, बरं, बरं!" डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला लागले.

"बघ," मी म्हटलं, "केवढा आग्रह."

कसा प्रश्न विचारायचा ते विचारणाऱ्याच्या हातात असतं. एवढी वर्षं तोंडी परीक्षा घेतल्यात यांनी, त्यांना ठाऊक असणारच.

नितीन जाताना म्हणाला, "आजारपणात माणूस किती बदलतो." मी म्हटलं, "बदलत नाही रे, खरा होतो." मराठी भाषा दिनाला, सत्तावीस फेब्रुवारीला, मंडळ यांचा सत्कार करणार आहे. विषय ‘माझा आवडता लेखक’. सरांच्या वतीने तुम्ही बोलाल का, म्हणून मला विचारलं. मला! कधी नाही ते त्या स्टेजवर मी. बोलेन म्हटलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

चिंचणीची माझी चुलतबहीण लाडकी सुकी मासळी विकते. तिचं रडगाणं चालू होतं, "पेपर कोणी घेत नाय आता, पुड्या बांधायला कागद नाय, प्लास्टिकला दंड करतात." मला कपाट आठवलं.

विचारल्याशिवाय मी काही करत नाही. धाकलीकडून कुलूप उघडवलं आणि हेरवाड्यांचं एकेक पुस्तक यांच्यापुढे धरलं. "हे देऊ?" "बरं." "आणि हे?" "बरं." ‘खाजणातले दिवस’ धरलं तेव्हा आवाज फाटला. "बऽ... बरं!" मान इतकी हलवली की लाळ शर्टावर आली. मॅडमनी सांगितलंय, मानेवर जायचं नाही.

त्या प्रतीवर हेरवाड्यांची सही होती. तेवढं पान मी फाडून ठेवलं, माणुसकी आहे मला. खणात ठेवलंय, त्याच्यावर वाट्या छान बसतात.

लाडकीचा नवरा टेम्पो घेऊन आला. "भाऊजी, खरंच नेऊ ना?" बिचाऱ्यानेही विचारलं. हे ‘बरं’ म्हणाले.

शनिवार, १३ डिसेंबर

दोन दिवस नीट जेवले नाहीत. भरवलं तर तोंडातच धरून ठेवतात. धाकली म्हणते, "बाय, सर कपाटाकडं बघीत बसतेत." खुर्ची फिरवून खिडकीकडे केली. तिकडे चिकूची झाडं आहेत, बघावं माणसाने.

रविवार, २८ डिसेंबर

लाडकीने जवळा पाठवला. पुडी यांच्यासमोरच सोडली, मुद्दामच. कागद पाहिल्याबरोबर यांचा डावा हात असा झेपावला! पान मुठीत धरलं ते सोडेनात. जवळा सगळा चादरीवर सांडला.

बोटं सोडवून मी ते पान वाचलं. त्यात एक वाक्य होतं: ‘भरती आली तरी आपल्याकडे कोणी यायचं नाही, हे त्याला ओहोटीतच कळून चुकलं होतं.’

मला कळलं ते. अगदी लख्ख कळलं. ओट्यापाशी उभी राहून मी ते तीनदा वाचलं आणि मग माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकं सोपं होतं? हे मला कळणार नाही असं कोणी ठरवलं होतं? एकदा, एका दुपारी, शेजारी बसवून हे एवढं वाक्य मला वाचून दाखवलं असतं, तर यांचं काय जाणार होतं?

यांनी हात पुढे केला होता. तळहात उघडा, भीक मागितल्यासारखा. मी पान चुरगाळून बंबात घातलं. जवळ्याचा वास अंथरुणाला लागला की जात नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. यांच्या तोंडात तिळगूळ घातला आणि म्हटलं, "गोड बोला." "बरं," म्हणाले. धाकली हसून हसून लोळली. मलाही आवरेना.

दुपारी ‘शालन’ पुन्हा वाचताना एक भाग आला. ती दाराआड उभी असते आणि बाहेर नवरा एकटा जेवत असतो. शेपटीतले काटे काढता येत नाहीत म्हणून तसाच चावत बसतो, पण हाक मारत नाही. तिथे मी थांबले, कारण यांचा हात माझ्या हातावर आला होता. "बरं," हे म्हणाले. हळू. लहान मूल निजवताना म्हणावं तसं. पुन्हा एकदा म्हणाले, "बरं." डोळे मिटलेले नव्हते, जबडा आवळलेला नव्हता. माझ्याकडे बघत होते.

मॅडम म्हणतात, सूर ऐका. ऐकला. हा सूर या घरात पूर्वी कधी ऐकलाच नाही, तर मी तो ओळखू कसा? तिळगूळ आणखी हवा असेल. धाकली म्हणाली, "बाय, सरांना गोष्ट आवडली आता." मला तेही आवडलं नाही. शालन माझी आहे. माझं एवढं एकच होतं, त्यातही हे येऊन बसणार?

हात काढून घेतला. पान उलटायचं होतं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

भाषण लिहून झालं. यांना वाचून दाखवलं, उगाच मागाहून बोल नको. सगळं शांतपणे ऐकलं. मग मी विचारलं, "चालेल ना?"

यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. हुशार माणूस! तोंड उघडलं की ‘बरं’ निघणार, हे एव्हाना यांना पुरतं कळलंय. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. कपाळावर घाम आला, पण ओठ सोडेनात. धाकली बिचारी घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

मी काही ओरडले नाही. पाण्याचा पेला आणला आणि समोर धरून बसले. दुपारच्या गोळीनंतर यांना घशाला कोरड पडते. बराच वेळ गेला. "पाणी हवं?" म्हटलं. जीभ ओठांवरून फिरली. "हवं ना पाणी?"

"...बरं."

"आणि भाषण चालेल ना?" पेला ओठांना लावता लावता विचारलं. पहिल्या घोटाबरोबर ‘बरं’ आलं. ठसका लागला, पण आलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

जमेल तसं लिहिते.

वाचनालयाचा हॉल भरलेला. नितीनने आणि आणखी तिघांनी यांना खुर्चीसकट स्टेजवर चढवलं. शाल, श्रीफळ. पहिल्या रांगेत यांचे विद्यार्थी, त्यांतले कितीतरी आता स्वतःच सर झालेले. सुषमा मॅडम वापीहून मुद्दाम आल्या होत्या. बायजी आणि बुधी मागे बसल्या होत्या, दोघींचे केस पांढरे झालेत.

मी वाचलं: "मी, जीवन तामोरे. माझी आवडती लेखिका कमलिनी विचारे. जन्मभर मी हेरवाड्यांच्या नावावर भाव खाल्ला. खरं सांगायचं तर हेरवाडे मला कधी समजलेच नाहीत. समजल्याचं सोंग केलं. रात्री बायकोची पुस्तकं चोरून वाचायचो आणि सकाळी त्यांना हसायचो. तुम्हाला शिकवलं ते सगळं सोंगच होतं. माझ्यावर विश्वास ठेवलात, त्याबद्दल माफ करा."

मागून बायजीने एकटीने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. नितीन डोळे पुसत होता. "केवढा प्रामाणिकपणा," म्हणाला माइकवर, "सर, आजवर तुम्ही आम्हाला वाचायला शिकवलंत, आज खरं बोलायला शिकवलंत." आणि माइक यांच्या तोंडाशी नेला. "सर, हे सगळं तुमचंच म्हणणं ना?"

मला खात्री होती. हे सगळं मी जमवलं होतं ते त्या एका शब्दासाठी. भर सभेत, माइकवर, ‘बरं’.

यांचा चेहरा लालबुंद झाला. मानेच्या शिरा टरारल्या. डावा हात खुर्चीवर घट्ट रोवलेला. "ना... ना..." असा काहीतरी आवाज निघाला, जनावरासारखा. आणि मग स्वच्छ, अगदी वर्गात म्हणायचे तसं, "नाही."

संपलं, मला वाटलं. आता सगळे माझ्याकडे बघणार.

"सर बोलले!" कोणीतरी किंचाळलं. अख्खा हॉल उठून उभा राहिला. सुषमा मॅडम धावत स्टेजवर आल्या, रडत होत्या, "नवा शब्द! पहिला नवा शब्द!" नितीनने यांना मिठीच मारली. हे त्याच्या खांद्याआडून म्हणत होते, "नाही, नाही, नाही," आणि माइक चालूच होता, आणि प्रत्येक ‘नाही’ला टाळ्या वाढत होत्या. कोणी शिट्टी मारली. बुधी सिस्टर माझे हात धरून म्हणाली, "जयश्री, तुझ्या वाचनाने आणला गं आवाज."

हे एकेका चेहऱ्याकडे बघत होते. पहिली रांग, दुसरी रांग, एकेक करून सगळे. सगळे हसत होते, रडत होते. कोणीही विचारलं नाही, नाही म्हणजे काय नाही. शेवटी माझ्याकडे बघितलं.

मी पण टाळ्या वाजवल्या. एवढे सगळे वाजवत असताना बरं दिसलं नसतं.

मंगळवार, १० मार्च

पेपरात फोटो आला, ‘कादंबरीने परत आणली वाचा’. मंडळाने ठराव केलाय, दर रविवारी वाचनालयात मी कमलिनी विचारे वाचणार, सरांना शेजारी बसवून. नितीनने स्वतः विचारेबाईंची सगळी पुस्तकं मागवलीत. चिकार आहेत. परवाच्या पहिल्या वाचनाला खुर्च्या कमी पडल्या. बायकाच बायका. तुकडीचा भाग आला तेव्हा काहीजणी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि कोणीही हसलं नाही. हे मधे मधे ‘नाही’ म्हणत होते, तेव्हा लोक कौतुकाने माना डोलावत होते.

सुषमा मॅडम म्हणाल्या, "पुस्तक बघितलं की लगेच बोलतात सर. लागू पडलेलं औषध बदलायचं नाही. दिवसातून दोनदा वाचा."

‘बरं’ मात्र गेलं. कुठे गेलं देव जाणे. आता काहीही विचारा, नाही. जेवता? नाही. पंखा लावू? नाही. दीपेशशी बोलता? नाही. विचारेबाईंची पुढची कादंबरी सुरू करू? नाही, नाही, नाही! आवाज एवढा मोठा की धाकली स्वयंपाकघरातून पळत येते. मॅडम म्हणतात, छान आहे, खूप प्रश्न विचारत जा, त्याने शब्द वाढतील.

मी आजपासून विचारणं बंद केलंय. तीन वाजले की पुस्तक उघडते आणि वाचायला लागते.